संगणकाला ‘होय’ म्हणण्याआधी

यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी तालुक्यातले शेंदुरसनी हे गाव २०२५च्या अखेरीस राज्यभर गाजले. गावाची लोकसंख्या जेमतेम दीड हजार. जन्म-मृत्यू नोंदणीच्या सरकारी संगणक प्रणालीत मात्र या एका ग्रामपंचायतीच्या नावावर काही महिन्यांत सुमारे २७ हजार जन्मनोंदी झाल्याचे उघड झाले. गुन्हा दाखल झाला, विशेष तपास पथक नेमले गेले. दोषी कोण, ते न्यायालय ठरवील. पण रोज संगणकावर बसणाऱ्या तुम्हा-आम्हाला त्यातून एक गोष्ट आजच घेता येते. ज्या खात्याला अधिकार आहे, त्या खात्याच्या नावाने काहीही करता येते. समोर कोण बसले आहे हे प्रणालीला दिसत नाही, तिला फक्त खाते दिसते.

असेच एक अधिकाराचे खाते तुमच्या टेबलावरच्या संगणकात आहे. सेवा केंद्रात, झेरॉक्सच्या दुकानात, कर सल्लागाराच्या ऑफिसात, पुसदच्या किंवा यवतमाळच्या इंजिनीअरिंग कॉलेजात शिकणाऱ्या मुलांच्या लॅपटॉपमध्ये, सगळीकडे आहे. त्याचे नाव ‘ॲडमिनिस्ट्रेटर’. माझे सांगणे एवढेच आहे: रोजचे काम साध्या खात्यातून करा. ॲडमिनचा अधिकार ज्या कामाला खरोखर लागतो त्या कामापुरताच द्या, आणि ते काम नेमके काय करणार आहे हे कळल्यावरच द्या.

ॲडमिनिस्ट्रेटर म्हणजे काय

नवा लॅपटॉप घेतला की विंडोजमध्ये पहिले जे खाते तयार होते ते ॲडमिनिस्ट्रेटरचे असते. बहुतेक लोक आयुष्यभर त्याच खात्यात बसतात. पीकविम्याचे अर्ज त्याच खात्यातून, गाणी त्याच खात्यातून, बँकेचे व्यवहारही त्याच खात्यातून. एखादा प्रोग्राम संगणकाच्या गाभ्यात बदल करू पाहतो तेव्हा पडदा अंधारतो आणि परवानगी विचारणारी चौकट येते. २००७ साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून ही सोय आहे. आपण ती न वाचता ‘येस’ दाबतो.

त्या ‘येस’ने काय काय दिले जाते ते पाहा. तो प्रोग्राम आता विंडोजच्या स्वतःच्या फाइली बदलू शकतो. त्याच संगणकावरच्या दुसऱ्या खात्यांमधले कागद वाचू शकतो. अँटिव्हायरसला ‘या फोल्डरकडे पाहू नकोस’ असे सांगू शकतो. संगणक सुरू होताच आपोआप चालू होईल अशी स्वतःची जागा करून ठेवू शकतो, आणि तुम्ही दाबलेली प्रत्येक कळ नोंदवू शकतो. आपल्या कापूसपट्ट्यातल्या जुन्या माणसांना कोऱ्या मुद्रांकावर अंगठा उठवणे म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. वर मजकूर काय लिहिला गेला ते नंतर कळायचे, आणि अंगठा तर आपलाच असायचा. न वाचता दाबलेला ‘येस’ हा तसाच अंगठा आहे.

स्क्रिप्टच्या बाबतीत हा धोका जास्त. स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला द्यायच्या हुकमांची लिहून ठेवलेली यादी. विंडोजची ‘बॅट’ फाइल, पॉवरशेलची फाइल, लिनक्सची शेल स्क्रिप्ट, सगळ्या याच जातीच्या. ती एकदा सुरू झाली की वरून खाली एकेक हुकूम पाळत जाते, मधे थांबून विचारत नाही. आणि बॅट फाइल ॲडमिन म्हणून चालवताना चौकटीत ‘विंडोज कमांड प्रोसेसर’ आणि मायक्रोसॉफ्टचे नाव दिसते. ते नाव फाइल चालवणाऱ्या प्रोग्रामचे असते. फाइल कोणी लिहिली आणि तिच्यात काय आहे, याची मायक्रोसॉफ्टने काहीही हमी घेतलेली नसते. ‘मायक्रोसॉफ्ट लिहिलं होतं, म्हणून दाबलं’ असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

आपल्याकडे हे घडते कसे

पीकविम्याची शेवटची तारीख. दारात रांग. वीज येऊन-जाऊन. अशात अंगठ्याचे यंत्र चालेनासे होते. केंद्रचालक व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारतो, आणि दोन मिनिटांत कोणीतरी एक झिप फाइल टाकतो. खाली सूचना: अँटिव्हायरस बंद करा, राइट क्लिक करा, ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करा. यंत्र कदाचित चालूही होते. त्या फाइलने आणखी काय केले हे पाहायला कोणाला वेळ असतो? फाइल टाकणाऱ्यालाही ती दुसऱ्या ग्रुपवरूनच मिळालेली असते.

दुसरा रस्ता फुकटच्या सॉफ्टवेअरचा. हिशेबाचे सॉफ्टवेअर, फोटोचे सॉफ्टवेअर, मराठी टायपिंगचे सॉफ्टवेअर, खुद्द विंडोज: प्रत्येकाची ‘क्रॅक’ मिळते आणि प्रत्येक क्रॅक ॲडमिनचा अधिकार मागते. पैसे वाचवून आपण अनोळखी माणसाला घरात घेतो. मराठी टायपिंगसाठी तर क्रॅकची गरजच नाही. विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड आधीपासून असतो, फक्त भाषांच्या सेटिंगमध्ये जाऊन तो चालू करायचा असतो.

तिसरा रस्ता अलीकडचा आहे. एखादे संकेतस्थळ ‘तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करा’ असे म्हणते आणि विंडोजची कळ व आर एकत्र दाबून, काहीतरी पेस्ट करून एंटर करायला सांगते. जगभर २०२४पासून हा सापळा पसरला आहे. तुम्ही जे पेस्ट करता ती स्क्रिप्ट असते आणि ती तुम्ही स्वतःच्या हाताने चालवलेली असते. खऱ्या तपासणीत चित्रे ओळखायला सांगतात, अक्षरे लिहायला सांगतात. संगणकाला हुकूम द्यायला कोणतेही खरे संकेतस्थळ सांगत नाही.

चौथा रस्ता विद्यार्थ्यांचा. पायथन किंवा नोड शिकताना पॉवरशेलमध्ये लाल अक्षरांत येते, की या संगणकावर स्क्रिप्ट चालवणे बंद आहे. एखादा व्हिडिओ सांगतो, ॲडमिन म्हणून उघडा आणि सगळे निर्बंध काढून टाका. लिनक्सवर काही अडले की हुकमाच्या पुढे सर्वाधिकार देणारा ‘सुडो’ हा शब्द लावायचे, तरीही अडले की फोल्डरला ७७७ची, म्हणजे कोणालाही काहीही करू देणारी, परवानगी द्यायची. काम चालते. सवयही तीच लागते. हीच मुले पुढे पुण्या-हैदराबादच्या कंपन्यांत जातात, आणि सवय सोबत नेतात.

हेतू चांगला असला तरी

‘मी चोरट्या फाइली चालवतच नाही, मग मला काय भीती?’ असे कोणी म्हणेल. २०११ साली लिनक्सवर चालणाऱ्या लॅपटॉपसाठी ‘बंबलबी’ नावाचा एक प्रकल्प होता. लिहिणारे प्रामाणिक, काम उपयोगी. त्याच्या इन्स्टॉल करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये एक जुना फोल्डर पुसण्याचा हुकूम होता. पत्त्यात ‘/यूएसआर’नंतर चुकून एक मोकळी जागा सुटली. त्या एका जागेमुळे हुकमाचा अर्थ झाला, की अख्खा ‘यूएसआर’ फोल्डर पुसून टाक. लिनक्सचे बहुतेक प्रोग्राम तिथेच राहतात. स्क्रिप्ट सर्वाधिकार घेऊन चालत होती, म्हणून संगणकाने मुकाट्याने पुसले. साध्या खात्यातून चालली असती तर ‘परवानगी नाही’ एवढेच उत्तर मिळाले असते.

फेब्रुवारी २०१८मध्ये एनपीएम या, नोडची तयार पॅकेजेस बसवण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या साधनाची ५.७.० ही आवृत्ती आली. ती ‘सुडो’ लावून चालवणाऱ्यांच्या संगणकात तिने प्रणालीच्या महत्त्वाच्या फोल्डरांची मालकीच बदलून टाकली. कित्येकांना सगळे नव्याने बसवावे लागले. दुरुस्त आवृत्ती लगेच आली, पण तोवर नुकसान झाले होते. यातही कोणाचा वाईट हेतू नव्हता.

आता वाईट हेतूचे पाहा. सप्टेंबर २०२५मध्ये याच एनपीएमच्या भांडारातली पाचशेहून अधिक पॅकेजेस एका किड्याने बाधित केली. पॅकेज बसवताना आपोआप जी स्क्रिप्ट चालते तिच्यातच तो लपला होता. तो संगणकावरच्या गुप्त किल्ल्या शोधायचा, बाहेर पाठवायचा आणि त्याच किल्ल्यांनी त्या माणसाची इतर पॅकेजेसही बाधित करायचा. एक पॅकेज बसवणे म्हणजे अनोळखी माणसाची स्क्रिप्ट चालवणेच असते. ती सुडो लावून चालवली, तर त्याला तुमच्या फाइलींबरोबर सगळा संगणक दिला.

आणि महाराष्ट्राला बसलेला फटका. २७ जून २०१७ रोजी न्हावाशेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचे काम ठप्प झाले. कारण ‘नॉटपेट्या’ नावाचा घातक प्रोग्राम. तो सुरू झाला युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. संगणकाच्या स्मृतीत पडून असलेले ॲडमिनचे पासवर्ड तो उचलायचा आणि त्यांच्या जोरावर शेजारच्या संगणकात शिरायचा. ते टर्मिनल चालवणाऱ्या मर्स्क या डॅनिश समूहाला ४५ हजार संगणक आणि ४ हजार सर्व्हर नव्याने उभे करावे लागले. एकाच ॲडमिन खात्याने सगळीकडे वावरण्याची किंमत किती मोठी असू शकते, हे त्यातून जगाला दिसले. यवतमाळच्या एखाद्या ऑफिसात पाचही संगणकांना एकच पासवर्ड असतो, तेव्हा तिथेही तीच वाट उघडी असते.

विद्यार्थ्यांनो, हे करा

पॉवरशेलचा तो लाल संदेश आला तर ॲडमिनची खिडकी उघडायची गरज नाही. साध्याच खिडकीत स्क्रिप्टचे धोरण ‘रिमोट साइन्ड’ ठेवा आणि त्याची व्याप्ती ‘करंट यूजर’ एवढीच ठेवा. तुम्ही स्वतः लिहिलेल्या स्क्रिप्ट चालतील, बाहेरून उतरवलेल्या विनासहीच्या स्क्रिप्ट अडतील. मात्र ही पक्की भिंत नव्हे. मायक्रोसॉफ्ट स्वतःच सांगते, की ही सोय चुकून स्क्रिप्ट चालू नये म्हणून आहे.

पायथनसाठी प्रत्येक प्रकल्पाचे वेगळे ‘व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट’ करा. उबुंटूच्या नव्या आवृत्त्या पिपने थेट प्रणालीत पॅकेज बसवू देत नाहीत, त्यामागे कारण आहे. तो अडथळा जबरदस्तीने मोडू नका. नोडसाठी एनव्हीएम वापरा, म्हणजे सगळे तुमच्या घरच्या फोल्डरातच बसते आणि सुडो लागत नाही. सर्व्हर ८० क्रमांकाच्या पोर्टवर चालवायला सर्वाधिकार लागतो म्हणून सुडो लावता? ३००० किंवा ८०८० वर चालवा. डेटाबेसला ‘रूट’ नावाने, तेही पासवर्डाविना, जोडू नका. प्रकल्पापुरता वेगळा वापरकर्ता काढा. डॉकर वापरणाऱ्यांनी हेही समजून घ्यावे, की ‘डॉकर’ गटात ज्याचे नाव आहे त्याच्या हाती जवळपास पूर्ण संगणकाचा ताबा असतो.

अनोळखी स्क्रिप्ट चालवायचीच असेल तर आधी नोटपॅडमध्ये उघडून वाचा. पुसण्याचे हुकूम, इंटरनेटवरून काही उतरवण्याचे पत्ते, अँटिव्हायरसला वगळणी सांगणाऱ्या ओळी, अर्थ न लागणारी लांबलचक अक्षरमाळ, यांपैकी काही दिसले तर थांबा. समजले नाही तर सरांना विचारा. इंटरनेटवरची एक ओळ थेट सुडोच्या हवाली करण्याची सवय सोडा. एआयने लिहून दिलेली ओळही अनोळखी माणसाचीच समजा. प्रयोग करायचे असतील तर व्हर्च्युअलबॉक्ससारखे फुकट साधन आहे, विंडोजच्या प्रो आवृत्तीत ‘सँडबॉक्स’ही आहे. तिथे बिघडले तर पुसून टाकता येते. प्राध्यापकांनाही विनंती आहे: प्रयोगशाळेच्या संगणकांवर सगळ्यांना एकच ॲडमिन खाते देऊन मोकळे होऊ नका. पहिल्या वर्षी लागलेली शिस्त मुलांना जन्मभर पुरते.

केंद्रचालकांनो आणि हिशेबनिसांनो, हे करा

पंधरा-वीस मिनिटांचे काम आहे. सेटिंग्जमध्ये ‘अकाउंट्स’, त्यात ‘अदर यूजर्स’मध्ये जाऊन एक नवे खाते काढा. त्याला ॲडमिनिस्ट्रेटर करा, भक्कम पासवर्ड द्या, आणि एकदा त्यात शिरून ते चालते याची खात्री करा. मग त्या खात्यातून तुमचे रोजचे जुने खाते ‘स्टँडर्ड यूजर’ करा. तुमच्या फाइली जागच्या जागी राहतील, पोर्टल चालतील, प्रिंटर चालेल. फरक एवढाच, की कोणी गाभ्यात हात घालू लागला की ‘येस’ऐवजी पासवर्ड मागितला जाईल. तो पासवर्ड मालकाने आपल्याकडे ठेवावा. कामावरच्या पोराला, दुरुस्तीला आलेल्याला तो सांगू नये.

‘अहो, अंगठ्याच्या यंत्राची आरडी सर्व्हिस, ड्रायव्हर, सहीची युटिलिटी, या सगळ्याला ॲडमिन लागतोच’ असे तुम्ही म्हणाल. बसवताना लागतो, हे खरे आहे. तेव्हा जरूर द्या. फक्त फाइल यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या किंवा सरकारच्या मूळ संकेतस्थळावरून घ्या, ग्रुपवरून घेऊ नका. चौकटीत प्रकाशकाचे नाव वाचा, ‘अननोन’ दिसले तर नाही म्हणा. बसवून झाल्यावर साध्या खात्यात परत या. जी फाइल अँटिव्हायरस बंद करायला सांगते, ती चालवू नका. रांग कितीही मोठी असो.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. साधे खाते म्हणजे अभेद्य कवच नव्हे. घातक स्क्रिप्ट साध्या खात्यातूनही त्या खात्याच्या फाइली आणि ब्राउझरमध्ये जपलेले पासवर्ड चोरू शकते. म्हणून सरकारी पोर्टलचे आणि बँकेचे पासवर्ड ब्राउझरमध्ये ठेवू नका. शासकीय लॉगिन ज्या संगणकावर होते त्यावर खेळ, सिनेमे, क्रॅक काहीही नको. डिजिटल सहीचा यूएसबी टोकन काम संपताच काढून खिशात घाला, त्याचा पिन टोकनवर चिकटवून ठेवू नका. स्वतःचे लॉगिन आणि ओटीपी ‘थोड्या वेळासाठी’सुद्धा देऊ नका. दुरून संगणक हाताळण्याचे ॲप चालू राहिले असेल तर आज काढून टाका. ज्यांच्याकडे अजून विंडोज १० आहे त्यांनी ध्यानात घ्यावे, की त्याचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. आणि फाइलींची एक प्रत वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवा, ती डिस्क एरवी संगणकाला जोडलेली नको.

कायदाही जाणून घ्या. माहिती तंत्रज्ञान कायदा २०००च्या ६६-सी कलमानुसार दुसऱ्याचा पासवर्ड किंवा इलेक्ट्रॉनिक सही लबाडीने वापरणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण चौकशी सुरू होते ती ज्याच्या खात्यातून काम झाले त्याच्यापासून. मी केले नाही, हे मग तुम्हालाच पटवून द्यावे लागते.

चुकून चालवली गेलीच तर

लाजू नका, लपवू नका. आधी इंटरनेटची वायर काढा किंवा वायफाय बंद करा. त्या संगणकावरून पासवर्ड बदलू नका. दुसऱ्या, स्वच्छ संगणकावरून किंवा मोबाइलवरून बदला. सरकारी लॉगिन असेल तर वरिष्ठांना आणि जिल्हा पातळीवरच्या यंत्रणेला लेखी कळवा. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर तत्काळ फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पहिल्या काही तासांत कळवले तर रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता अधिक असते. ॲडमिन अधिकाराने काही शिरले असेल तर नुसत्या अँटिव्हायरसवर भरवसा ठेवू नका. फाइलींची प्रत घेऊन विंडोज नव्याने बसवा.

सेवा केंद्रात येणाऱ्या शेतकऱ्याचा आधार क्रमांक, त्याचे बँक खाते, त्याची जमीन, त्याच्या लेकराची जन्मनोंद, हे सगळे तुमच्या संगणकातून जाते. तो तुमच्यावर विश्वास ठेवून खुर्चीवर बसलेला असतो, चौकटीतले इंग्रजी त्याला वाचता येत नसते. त्याच्या वतीने ‘येस’ तुम्हीच दाबता. म्हणून जिल्ह्याच्या सोळाही तालुक्यांतल्या केंद्रचालकांना, ग्रामपंचायतींच्या संगणक परिचालकांना, दुकानदारांना आणि विद्यार्थ्यांना कळकळीची विनंती आहे: आज काम आटोपल्यावर दुसरे खाते काढा आणि उद्यापासून साध्या खात्यात बसा. पुढची चौकट आली की ती पूर्ण वाचा. समजली नाही, तर ‘नो’ दाबा.